गोव्याच्या हवेत चिनी शाईपेनं: काय घ्यावं, काय टाळावं

गोव्यात चिनी शाईपेन घ्यायचं तर सगळ्यात आधी टोपण बघावं. निब, रंग, वजन, नक्षी हे सगळं नंतर. टोपण किती घट्ट मिटतं आणि पेनच्या पोटातली शाई गरम हवेत कशी वागते, या दोन गोष्टींवर ते पेन खिशात राहणार की खणात पडून राहणार हे ठरतं. विक्रेत्यांच्या पानांवर मात्र याबद्दल एक ओळ नसते. तिथे निबवर काय कोरलंय ते मोठं करून दाखवलेलं असतं.

पावसाळ्यात हा दोष लपून राहतो, ही इथली खरी अडचण. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पणजीला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवा इतकी ओली असते की सैल टोपणाचं पेनही आठवड्यानंतर पहिल्या रेघेला लिहितं. चवथीच्या आसपास घेतलेलं पेन म्हणूनच ‘झकास’ वाटतं. डिसेंबर-जानेवारीत हवा थोडी कोरडी झाली, किंवा तेच पेन वातानुकूलित कचेरीत टेबलावर शनिवार-रविवार पडून राहिलं, की सोमवारी अर्धं अक्षर उमटतं आणि अर्धं नाही. त्यामुळे नवीन पेनची परीक्षा एसीच्या खोलीतच घ्यावी. शाई भरायची, दोन ओळी लिहायच्या, टोपण लावून पेन आडवं ठेवायचं आणि ४८ तास हात लावायचा नाही. मग कागदावर नुसती शिरोरेषा ओढायची. पहिल्या अर्ध्या सेंटिमीटरात शाई आली तर पेन पास. तीन-चार वेळा घासावं लागलं तर टोपणात हवा शिरते आहे. अशा पेनची निब कितीही गुळगुळीत असली तरी ते परत पाठवावं.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. पेनमधली शाई संपत जाते तशी तिच्या जागी हवा येते. पेनच्या पोटात २ मिलिलिटर हवा आहे आणि हाताच्या उबेने ती २८ अंशांवरून ३६ अंशांवर गेली, तर ती साधारण पावणेतीन टक्के फुगते, म्हणजे ०.०५ मिलिलिटर. शाईचा एक थेंब साधारण तेवढाच असतो. तो थेंब निबवाटे वहीवर पडतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेन राहिलं आणि आतलं तापमान ५५ अंशांवर गेलं, तर असे किमान तीन-चार थेंब टोपणात जमा होतात. कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घ्यायची सुटी छोटी नळी, असलेल्या पेनात मुळात पाऊण मिलिलिटर शाई मावते, हवाही तेवढीच कमी, त्यामुळे निबखाली शाई वाहून आणणारी जी जीभ असते तिच्या खाचा हा फुगवटा पोटात घेतात. अख्खी नळी शाईने भरायची पेनं दिसायला कितीही देखणी असली तरी इथे जपून वापरावी लागतात, ती याचमुळे.

खरेदीबद्दल थोडक्यात. अलीएक्स्प्रेस हे चिनी खरेदीचं संकेतस्थळ नोव्हेंबर २०२०मध्ये भारतात बंद झालं, तेव्हापासून चिनी पेनं इथल्या विक्रेत्यांकडूनच घ्यावी लागतात आणि किंमत मूळ किमतीपेक्षा बरीच वर जाते. एकाच मॉडेलच्या दोन विक्रेत्यांच्या किमतींत दुपटीचा फरक सर्रास दिसतो. मागवताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: निब एफ (बारीक) आहे, ईएफ (अतिबारीक) आहे की एम (मध्यम), कन्व्हर्टर सोबत येतो का, आणि परत करायची मुदत किती दिवस. काही पेनांवर निबची जाडी ०.३८ किंवा ०.५ अशी आकड्यांत दिलेली असते. ०.३८ म्हणजे ईएफ आणि ०.५ म्हणजे एफ असं समजावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीत १८ जून रस्त्यावर फिरताना एखादं चिनी पेन दिसलं आणि दुकानदार शाईत बुडवून बघू देत असेल, तर पन्नास रुपये जास्त गेले तरी तिथेच घ्यावं. निब डोळ्यांनी बघून घेता येते, ही सोय मोठी आहे.

एक फरक आधीच सांगायला हवा. बहुतेक चिनी पेनं कुठल्या ना कुठल्या जपानी, जर्मन किंवा अमेरिकन पेनच्या आकारावर बेतलेली असतात, पण त्यांच्यावर नाव स्वतःचं असतं. ही नक्कल. ज्याच्यावर दुसऱ्याचंच नाव छापलंय ते बनावट, आणि त्याच्या वाटेला जाऊ नये. आणखी एक: निबवर ‘१८ केजीपी’ कोरलेलं असलं तरी ती सोन्याची नसते. ती पोलादी निब, वर सोन्याचा मुलामा. त्याने लिखाणात काहीच फरक पडत नाही.

जिनहाओ

सुरुवात जिनहाओ या चिनी कंपनीच्या ८२पासून करावी. जपानी सेलर कंपनीच्या आखूड, चपट्या टोकांच्या पेनसारखा आकार, वजन १५ ते १७ ग्रॅम, फिरवून लावायचं टोपण, सोबत कन्व्हर्टर. निब छोटी आणि ताठ. या किमतीला एफ निबची रेघ जितकी बारीक आणि एकसारखी येते, तितकी दुसऱ्या कुठल्या पेनात क्वचितच मिळते. मोठ्या हाताच्या माणसाला टोपण मागे लावून लिहावं लागेल, पण ते घट्ट बसतं आणि पेन मागे झुकत नाही. रंग डझनावारी मिळतात, आणि संग्रह करणारे लोक रंगांच्या मागे लागून एकाच निबची दहा पेनं गोळा करतात. त्यापेक्षा एक एफ आणि एक ईएफ घेऊन दोन वेगळ्या शायांसाठी राखावीत.

पकडीच्या वर आट्यांपाशी थोडी शाई साठते, ती पुसत राहावी. नाहीतर पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या पेनवर निळा डाग कायमचा बसतो.

९९२ त्याहून स्वस्त, पारदर्शक प्लास्टिकचं, आतली शाई दिसणारं. लिहितं छान. मात्र याच्या सुरुवातीच्या खेपांत नळीला आणि टोपणाला बारीक भेगा पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. म्हणून ते हातात आल्यावर उजेडाकडे धरून आट्यांजवळचा भाग नीट बघावा आणि टोपण कधीही जोर लावून आवळू नये. याच्या नळीत थेट शाई भरायचा सल्ला काही लोक देतात. भेगेची शंका असलेल्या नळीत तीन मिलिलिटर शाई घेऊन पांढऱ्या सदऱ्यात फिरण्यात शहाणपण नाही.

एक्स४५० आणि एक्स७५० ही जुनी, पितळी, वजनदार पेनं. ३५ ग्रॅमच्या वर. सही करायला ठीक, तीन पानं लिहायला नाही. पूर्वी ही फक्त मध्यम निबमध्ये मिळायची आणि ती रेघ मराठी जोडाक्षरांना जाड पडते. त्यांची खरी उपयुक्तता वेगळी आहे. निब ६ नंबरची, नुसती दाबून बसवलेली, त्यामुळे निब बदलून बघायची हौस असेल तर हे पेन सरावाला उत्तम. निब आणि जीभ दोन्ही बोटांत एकत्र धरून सरळ ओढायची आणि तशीच सरळ आत दाबायची. फिरवायची नाही, जीभ मोडते.

एक्स१५९ हल्ली सगळीकडे दिसतं. प्रसिद्ध जर्मन सिगार-आकाराच्या पेनचं रूप, ८ नंबरची मोठी निब, शरीर मात्र हलक्या रेझिनचं. याच्याआधीचं १५९ धातूचं आणि हाताला अतिशय जड होतं, ते या नव्याने बाजूला सारलं हे बरंच झालं. पकड जाड असल्याने बोटं आखडत नाहीत, आणि ज्यांना दिवसाला आठ-दहा पानं लिहायची असतात त्यांना हे पेन मानवतं. मात्र निब मोठी म्हणजे रेघ जाड असं समजू नका. इथली एफ रेघ ८२च्या एफच्या जवळपासच उतरते. कन्व्हर्टर मात्र नेहमीच्याच आकाराचा, म्हणजे एवढं मोठं पेन आणि पोटात शाई पाऊण मिलिलिटर. जास्त शाई हवी तर ९०१९ बघा. त्याचा कन्व्हर्टर खास मोठा आहे, पण पेनही तेवढंच अजस्र, सदऱ्याच्या खिशात शोभत नाही.

विंग सुंग

इथे थोडं थांबायला हवं, कारण गोव्याच्या हवेसाठी सगळ्यात विचारपूर्वक घ्यावं असं पेन विंग सुंग याच चिनी नावात आहे. ते म्हणजे ६०१.

अमेरिकेत १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ची ही नक्कल. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, बाहेर दिसतं ते फक्त टोक. झाकलेली निब हवेच्या संपर्कात कमी येते, म्हणून टोपण काढून दोन मिनिटं विचार करत बसलात तरी शाई टोकाशी ओली राहते. बैठकीत टिपणं घेणाऱ्यांना, वर्गात फळ्याकडे बघत थांबणाऱ्या शिक्षकांना ही मोठी सोय. टोपण स्टेनलेसचं आणि ओढून काढायचं. खाऱ्या हवेत मुलाम्याच्या स्वस्त क्लिपांवर वर्षभरात पुटकुळ्या येतात आणि खालच्या पितळेवर हिरवट थर चढतो. स्टेनलेसला तो त्रास नाही.

शाई भरायची पद्धत जुन्या पेनसारखी. मागची छोटी टोपी काढली की बटण दिसतं. मूळ पेनात त्याच्या खाली रबरी पडदा असायचा आणि तो काही वर्षांनी ठिसूळ होऊन फाटायचा. ६०१मध्ये त्याऐवजी स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या आहे. निब शाईत पकडीपर्यंत बुडवायची, बटण पूर्ण दाबायचं, सोडायचं आणि दोन सेकंद थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. बटण वर येताना शाई आत ओढली जाते, आणि ती नळीतून वर चढायला वेळ लागतो. भराभर दाबलं की फक्त बुडबुडे येतात आणि माणूस म्हणतो पेन खराब आहे. सहा ते दहा वेळा सावकाश दाबलं की पेन भरतं.

याची खोड धुण्यात आहे. जुनी शाई पूर्ण निघायला पंचवीस-तीस वेळा पाणी ओढून सोडावं लागतं, तरी आतल्या कंगव्यासारख्या भागात रंग राहतोच. म्हणून ६०१ला एक शाई नेमून द्यावी आणि ती बदलू नये. रंगद्रव्याची, म्हणजे तळाशी गाळ बसणारी शाई यात कधीच घालू नये. आणि निब झाकलेली असल्याने ती वाकडी निघाली तर घरी दुरुस्त करणं कठीण, म्हणून लिहून बघूनच ठेवायचं की परत करायचं ते ठरवावं.

३००८ हे पारदर्शक, मागचा गोल फिरवून शाई ओढायचं पिस्टनचं पेन. दीड मिलिलिटरच्या आसपास शाई मावते, किंमत अगदी माफक, आणि निब जर्मन लामी सफारी पेनच्या पद्धतीची, सरळ ओढून बदलता येणारी. विद्यार्थ्याच्या हातात द्यायला हे माझ्या मते ९९२पेक्षा बरं. पिस्टन जड फिरायला लागला की जोर लावू नये. निब काढून पकडीच्या बाजूने आतल्या भिंतीला सिलिकॉन ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं लावायचं आणि पिस्टन चार-पाच वेळा वर-खाली करायचा. स्वयंपाकाचं तेल, खोबरेल, व्हॅसलीन यातलं काहीही चालत नाही. तेल शाईत मिसळतं, निबच्या चिरेत बसतं आणि शाई कागदावर उतरायची थांबते. एक सावधगिरी: शाई भरताना गोल जास्त फिरवला तर कधी कधी अख्खी यंत्रणाच नळीतून सुटून येते. तशी आली तर आधी पिस्टन पूर्ण मागे घेऊन मगच आट्या लावायच्या, नाहीतर तो तळापर्यंत पोचत नाही आणि पेन अर्धंच भरतं.

६९९ थोडं महाग, आणि त्याचं कारण त्याची शाई भरण्याची पद्धत. मागचा गोल सैल करून लांब दांडा पूर्ण बाहेर ओढायचा, निब शाईत बुडवायची, आणि दांडा एका दमात, न थांबता आत दाबायचा. दांड्याच्या टोकाचं रबर नळीला घट्ट घासत खाली येतं आणि त्याच्या मागे निर्वात पोकळी तयार होत जाते. नळी निबजवळ थोडी रुंद होते. रबर तिथे पोचलं की कडेने फट मोकळी होते आणि शाई एकदम फस्सकन वर चढते. काचेसारख्या नळीत हे बघायला फार सुंदर दिसतं. एका दमात नळी काठोकाठ भरत नाही, वर हवा राहते, त्यात काही बिघडलेलं नसतं.

दांडा पूर्ण आत आणि गोल घट्ट असताना रबर निबकडे जाणारी वाट बंद करतं. म्हणजे कदंब बसमध्ये मडगावपर्यंत हेलकावे खाताना, गाडीच्या कप्प्यात किंवा विमानात, शाई निबपर्यंत पोचतच नाही. वर सांगितलेला गरम हवेचा थेंब इथे अडतो. लिहायला बसलात की गोल दोन-तीन मिलिमीटर सैल करायचा. हे विसरलात तर पान-दीड पान लिहून पेन कोरडं पडतं, आणि बरेच जण याच चुकीमुळे ६९९ला नाव ठेवतात. पेनबीबीएस या दुसऱ्या चिनी कंपनीचं ४५६ याच पद्धतीचं. त्याची निब स्वतःच्या घडणीची आणि थोडी वेगळ्या चवीची आहे.

बाकीची नावं

हिरो ६१६ हे नाव आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांना माहीत आहे. शांघायच्या या कारखान्याची सुरुवात १९३१ची, आणि योगायोग असा की मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्यांचा धंदा सुरू केला, ज्यातून पुढे कॅमलिन उभं राहिलं, तेही वर्ष १९३१च. ६१६ आजही मिळतं, झाकलेल्या निबचं, आत दाबायची पत्र्याची पट्टी असलेलं. पण या एका पेनची बनावट इतकी झाली आहे की दहातलं कोणतं खरं हे विक्रेत्यालाही ठरवता येत नाही. जुन्या आठवणींसाठी घ्या, रोजच्या कामासाठी ६०१ घ्या.

मूनमॅन, ज्याचं नाव आता माजोन झालं आहे, त्यांचं एम२ आणि सी१ ही ड्रॉपरने अख्खी नळी भरायची पेनं. एम२ला आट्यांपाशी रबरी कडी असते. ती जागेवर आहे का हे दर वेळी भरताना बघावं. शाई एक तृतीयांशावर आली की लगेच पुन्हा भरावी, तिथून पुढे हवा जास्त आणि शाई कमी, मग थेंब पडणारच. घरच्या टेबलावर ही पेनं सुरेख, खिशात घेऊन फिरण्यासाठी नाहीत. ए१ हे बटण दाबून निब बाहेर काढायचं पेन, जपानी पायलटच्या प्रसिद्ध पेनवरून बेतलेलं. टोपणच नाही, त्याऐवजी टोकाला छोटं दार. क्लिप पकडीच्या बाजूला असते, म्हणजे लिहिताना ती दोन बोटांच्या मधे येते. ज्यांची बोटं पेन तिरकं धरतात त्यांना हे सहन होत नाही. त्यांनी बिनक्लिपचं घ्यावं. धातूचं ए१ जड वाटलं तर ए२ रेझिनचं आणि हलकं आहे. या दोघांचीही एसीतली ४८ तासांची परीक्षा आवर्जून घ्यावी, कारण ते छोटं दार नीट मिटतंय की नाही हे बाहेरून कळत नाही.

हाँगडियनचं काळं ‘ब्लॅक फॉरेस्ट’ सडपातळ, धातूचं, काळ्या निबचं. बांधणी उत्तम, पण धातूची पकड घामेजलेल्या बोटांत सटकते. एप्रिल-मे महिन्यात इथे त्याचा कंटाळा येतो.

मराठी अक्षराला कोणती निब

इंग्रजीत लिहिलेल्या परीक्षणांवर विसंबून निब निवडू नका. आपल्या अक्षरात ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ यांची पोटं बारीक असतात, वर शिरोरेषा आणि मात्रा. नेहमीच्या रेघांच्या वहीत ०.५ची निब बसते, पण अक्षर लहान काढण्याची सवय असेल तर ०.३८च घ्यावी. ०.७ रेघ देणारी मध्यम निब घेतली की ‘द्ध’ची गाठ भरून जाते.

शिरोरेषा आणखी एक दोष उघडा पाडते. ती आपण हलक्या हाताने ओढतो, आणि निबचं टोक कारखान्यात जास्त घासलं गेलं असेल तर चिरेच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला गोल होतात. शाई चिरेपर्यंत येते, पण कागदाला टेकत नाही. मग अक्षर उमटतं आणि शिरोरेषेचा पहिला तुकडा गायब. स्वस्त चिनी निबांमध्ये हा दोष वारंवार येतो.

सुलेखनासाठी चिनी चपट्या निबा, एक-दीड मिलिमीटरच्या, स्वस्त मिळतात. त्यांचा काप सरळ असतो, रोमन लिपीच्या सोयीचा. बोरू आपण उलट्या तिरप्या कापाने घडवतो, म्हणून बाळबोध अक्षराचे जाड-बारीक वळसे उलट दिशेला पडतात. सरळ कापाच्या निबने काढलेलं ‘क’ म्हणूनच परक्या वळणाचं दिसतं. टोक वर वाकवलेल्या ज्या ‘फुदे’ निबा मिळतात, त्या पेन उभं धरलं तर बारीक आणि आडवं धरलं तर जाड रेघ देतात. त्यांच्याने मथळे, निमंत्रणपत्रिकेवरची नावं छान निघतात, पण बोरूचं काम त्या करत नाहीत.

नवीन पेन हातात आल्यावर

आधी धुवायचं. कारखान्यातलं तेल निबखाली राहिलेलं असतं. पेलाभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एकच थेंब, त्यात कन्व्हर्टरने दहा वेळा पाणी ओढून सोडायचं, मग साध्या पाण्याने तेवढंच, आणि निब खाली करून टिश्यूवर रात्रभर ठेवायचं. गरम पाणी नको. स्पिरिट तर अजिबात नको, पारदर्शक प्लास्टिकला त्याने जाळीसारखे तडे जातात. वाळलेली जुनी शाई निघत नसेल तर घरगुती अमोनिया एक भाग आणि पाणी नऊ भाग, अर्धा तास, आणि नंतर भरपूर साधं पाणी.

मग निब दहापट भिंगाखाली धरायची, टोक आपल्या डोळ्यांकडे, पाठीमागे उजेड. दोन पाती, मधे चीर. चांगल्या निबमध्ये चीर निबच्या मधल्या छोट्या भोकापाशी किंचित रुंद दिसते आणि टोकाकडे निमुळती होत केसाएवढी उरते, आणि टोकाचे दोन दाणे एका पातळीत, जणू एकच गोळी मधोमध चिरली आहे. एक दाणा वर आणि एक खाली असेल तर एका दिशेला लिहिताना कागद खरवडतो. वर असलेलं पातं अंगठ्याच्या नखाने हळूच खाली दाबायचं, पाच सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा भिंगातून बघायचं. एका दमात सरळ करायला जाऊ नये. पोलाद परत येतं, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा.

चीर टोकापर्यंत बंद असेल आणि शाई फिकी उतरत असेल, तर ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी भोकाकडून टोकाकडे सरकवायची, दोन-तीन वेळा, पिळायची नाही. दाढीचं पातं वापरू नये, ते चिरेच्या कडा कापतं आणि मग निब कायमची खरखरीत होते. गोल झालेल्या कडांचा दोष असेल तर बारा हजार ग्रिटच्या मायक्रोमेशवर, म्हणजे अतिशय बारीक पॉलिश कापडावर, शाई भरलेल्या पेनने, वजन न देता इंग्रजी आठ काढायचे. दहा सेकंद, मग कागदावर लिहून बघायचं. पुन्हा दहा सेकंद. टोकावरचा कठीण धातूचा दाणा स्वस्त निबांवर छोटा असतो, एकदा घासून गेला की परत आणता येत नाही.

शाई आणि कागद

स्वस्त चिनी पेनांना साधी, पातळ शाई मानवते. कॅमलिनची रॉयल ब्लू ही सुरुवातीला घालून बघायची शाई, कारण ती धुऊन निघते. त्याच कारणाने ती पावसाळ्यात अर्जावर, चेकवर वापरू नये. पर्वरीच्या एखाद्या कचेरीत अर्ज देईपर्यंत छत्रीवरून ओघळलेला एक थेंब नाव पुसून टाकतो. तिथे पक्की काळी शाई हवी. ब्रिल, सुलेखा, कृष्णा या आपल्याकडच्या शायांमध्ये रंगांची श्रीमंती आहे, पण गडद, दाट रंगांच्या शाया पारदर्शक पेनात आठवडाभराहून जास्त ठेवू नयेत. चकाकणाऱ्या कणांच्या शाया ८२सारख्या सहज सुट्या होणाऱ्या पेनातच.

बाटलीत कधी पांढरे तंतू तरंगताना दिसले, किंवा झाकण उघडल्यावर कुबट वास आला, तर बुरशी आहे. इथल्या हवेत हे होतं. शाई टाकायची, बाटलीही टाकायची, आणि ती शाई ज्या पेनात होती ते पेन अमोनियाच्या पाण्याने धुवायचं. पेनमधली उरलेली शाई बाटलीत परत ओतायची सवय असेल तर ती आजच सोडा.

कागदाचंही तसंच. जुलैमध्ये वही फुगते, कागद ओलावा धरतो आणि जानेवारीत स्वच्छ लिहिणारी तीच निब कडेने पसरायला लागते. बरेच लोक तेव्हा पेनला दोष देतात. वह्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात, आणि पावसाळ्यापुरती ईएफ निब आणि कोरडी, म्हणजे कमी वाहणारी, शाई असा जोड लावावा. लिहिणाऱ्या हाताखाली, पानावर, टीपकागद ठेवला तर तळहाताचा घामही कागदात जात नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर क्रम असा लावा: जिनहाओ ८२ एफ, रॉयल ब्लूसाठी. महिनाभराने विंग सुंग ६०१, पक्क्या पण रंगद्रव्याची नसलेल्या काळ्या शाईसाठी, कचेरीच्या कामाला. प्रवास जास्त असेल तर ६९९. या तीन पेनांत १५ ग्रॅमपासूनची वजनं, शाई भरायच्या तीन पद्धती आणि निबचे दोन प्रकार हातात येतात, आणि चौथं पेन कोणतं घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळतं. भिंग, पितळी पट्टी आणि सिलिकॉन ग्रीस मात्र पहिल्या पेनसोबतच मागवा.